साठवणखोलीचं चौदा महिन्यांचं भाडं भरलं, त्याचा हिशेब

सुरुवातीलाच सांगून टाकतो, सेवा वाईट नाही. शटर नीट वर-खाली होतं, जिन्यात आणि वाटेवर कॅमेरे आहेत, चौदा महिन्यांत आमची सुतळीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. घराची रंगरंगोटी चालू आहे, दीड-दोन महिने सामान कुठंतरी हलवायचंय, अशा माणसानं खाली दमटपणाबद्दल लिहिलंय तेवढं वाचावं आणि खुशाल खोली घ्यावी. ज्यांना सामान "सध्या" ठेवायचंय, त्यांनी मात्र जरा बसून वाचा. मीही सध्याच ठेवलं होतं.

आम्ही चार खोल्यांच्या घरातून दोन खोल्यांच्या घरात आलो. मुलगी तिच्या संसाराला लागली, मी निवृत्त झालो, हिचे गुडघे जिना नको म्हणायला लागले. नवं घर तळमजल्यावर, उजेडाचं, पण जुन्याच्या निम्मं. सामान मात्र निम्मं व्हायला तयार नव्हतं. "अहो, आधी राहायला तर जाऊ, मग काय ठेवायचं काय नाही ते बघू," असं ही म्हणाली आणि मला ते ताबडतोब पटलं. निर्णय पुढं ढकलणारी कुठलीही गोष्ट मला ताबडतोब पटते. मुलीनं फोनवर शोधून दिलं: महिन्याच्या भाड्यानं साठवणखोली. ८ फूट बाय १० फूट, लोखंडी शटर, कुलूप ज्याचं त्यानं आणायचं.

मी २९ वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. नटबोल्टपासून मोटारीपर्यंत जे काही आत येईल ते मोजून घ्यायचं, मांडणीत लावायचं, कुणी इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, आणलं की मोजून द्यायचं. प्रत्येक मालाला एक "बिनकार्ड", म्हणजे त्याच्या नोंदीचं कार्ड: आवक, जावक, शिल्लक, तारीख, सही. ती सवय हाडात भिनलेली. त्यामुळे सामान हलवताना मी प्रत्येक खोक्यावर क्रमांक टाकला आणि प्रत्येकाचं एक कार्ड केलं. खोके ६१. सुटं सामान ९ नग: सोफा, जेवणाचं टेबल, पुस्तकांचं कपाट, जुना फ्रिज, गादी, ट्रंक, सायकल, शिडी, एक आरामखुर्ची. एकूण ७० कार्डं. हिनं ती चळत बघितली आणि म्हणाली, "आता गेटपाससुद्धा छापून घ्या." तिला गंमत वाटली होती. पण हे परीक्षण लिहिण्याइतका पुरावा माझ्या हाती आहे, तो त्या कार्डांमुळेच.

आता सेवेबद्दल. 

कार्यालयातला मुलगा नम्र. "काका, बसा", "काका, इथं सही". कराराची पानं ११. बहुतेक लोक शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात. मी खरेदीचे करार वाचून म्हातारा झालो, म्हणून पूर्ण वाचला. तीन कलमं तुम्हीही वाचा. पहिलं, भाडं दर महिन्याला खात्यातून आपोआप वळतं होणार. दुसरं, सहा महिन्यांनंतर भाडं वाढवायचा हक्क त्यांच्याकडे, आणि सहाव्या महिन्यानंतर त्यांनी तो बजावला. तिसरं, विम्यात आग आणि चोरी आहे, पण बुरशी, कीड आणि "वस्तूची नैसर्गिक झीज" नाही. तेव्हा हे कलम वाचून मी मान डोलावली होती. नैसर्गिक झीज किती नैसर्गिकपणे होते ते पुढं येईलच.

सामान नेण्याच्या गाड्या चार. तीन चांगल्या. चौथीचं एक चाक स्वतःच्या मर्जीनं चालतं आणि तीच नेहमी मोकळी असते. लिफ्ट मोठी आहे, सोफा उभा मावला. येण्याजाण्याच्या वेळा सकाळी सात ते रात्री नऊ, त्या त्यांनी पाळल्या. वाटेवरचे दिवे माणसाची चाहूल लागली की लागतात. तुम्ही खोलीत खोक्यांशी झटापट करत असाल तर बाहेरच्या दिव्याला तुमची चाहूल लागत नाही, तो विझतो, आणि मग अंधारात हात हलवत बाहेर यावं लागतं. मी दोनदा आलो.

जाहिरातीत खोल्या "वातानुकूलित वास्तूत" आहेत असं होतं. शब्दशः खरं आहे. वातानुकूलन कार्यालयात आहे, आणि कार्यालय त्याच वास्तूत आहे. मी घरचा छोटा आर्द्रतामापक आत टांगला होता. गेलो तेव्हा तेव्हा त्यानं ७१, ७४, एकदा ७८ टक्के दाखवले. सत्तरीच्या वर हवा फार दिवस राहिली की कापड, कागद, लाकूड, चामडं यांवर बुरशी धरायला लागते, हे स्टोअरवाल्याला शिकवावं लागत नाही. खोक्यांत मी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या, नारिंगी दाण्यांच्या. हे दाणे आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी ओढतात आणि मग हिरवे पडतात. हिरवे पडले की काम संपलं, तापवून कोरडे केले तरच पुन्हा चालतात. माझे सगळे दुसऱ्या महिन्यातच हिरवे. एवढ्या खोलीला पुड्या म्हणजे दर्यात खसखस. ज्यांना खोली घ्यायचीच आहे त्यांनी भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, खोके जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि फ्रिज ठेवणार असाल तर त्याचं दार बंद करू नका, मध्ये काहीतरी अडकवून ठेवा. मी बंद करून वर चिकटपट्टी मारली होती. व्यवस्थितपणाचा कळस.

इथपर्यंतचं परीक्षण कुणीही लिहील. पुढचं माझ्या कार्डांतून आलेलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात खोका क्रमांक ३ काढला, घराच्या कागदपत्रांची फाइल हवी होती. दुसऱ्या महिन्यात २२, पांघरुणं. तिसऱ्या महिन्यात ९, हत्यारांची पेटी. पाचव्या महिन्यात ४१, हिच्या सुया, दोरे आणि कात्र्या. सातव्या महिन्यात शिडी नेली, पण नव्या घरात ती कुठं उभी करायची ते ठरेना, म्हणून दोन दिवसांनी परत आणून ठेवली. अकराव्या महिन्यात एकदा गेलो, शटर उघडलं, आत उभा राहिलो आणि कशासाठी आलो होतो ते आठवेना. तसाच परत आलो. त्या फेरीची नोंद नाही, कारण जावक शून्य.

म्हणजे ७० कार्डांपैकी हालचाल ५ कार्डांवर. ६५ कोरी. टक्केवारी काढली तर जवळजवळ ९३.

कारखान्यात आम्ही वर्षाला एकदा मालाची तीन भागांत वाटणी करायचो: भराभर जाणारा, रेंगाळणारा, पडून राहिलेला. पडून राहिलेल्याची यादी साहेबांकडे जायची आणि साहेब मला बोलावून विचारायचे, हे का घेतलं होतं? दरवेळी माझं उत्तर तयार असायचं: कधीतरी लागेल. साहेब एकदा म्हणाले होते, कधीतरी हा कुठला वार? मी मनातून चिडलो होतो. चौदाव्या महिन्यात, रात्री जेवणं झाल्यावर, टेबलावर ती कोरी कार्डं पत्त्यांसारखी मांडून बसलो तेव्हा तो प्रश्न मला मीच विचारत होतो आणि उत्तर तेच येत होतं. हिनं पलीकडून विचारलं, "चौतीसमध्ये काय आहे?" मला कार्ड न बघता सांगता येईना. "सत्तावन्नमध्ये?" तेही नाही. ज्या वस्तूंसाठी मी दर महिन्याला भाडं भरत होतो, त्यांची नावं मला आठवत नव्हती.

नंतर हिनं आणखी एक हिशेब केला, तो मी करायला हवा होता. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला यादी वाचून दाखवली. त्यानं सगळ्याचे मिळून जे सांगितले ते आमच्या तीन महिन्यांच्या भाड्याएवढेही नव्हते. आणि आम्ही चौदा महिने भरले होते.

हा धंदा आजच्या रूपात १९६० च्या दशकात अमेरिकेत, टेक्सासमध्ये सुरू झाला आणि आज एकट्या अमेरिकेत अशी ५० हजारांहून जास्त केंद्रं आहेत, असं वाचलं तेव्हा मला धंदेवाल्यांचा राग नाही आला. त्यांनी फक्त माझ्यासारख्यांचं "कधीतरी" ओळखलं. राग आला तो आठ बाय दहाचा. त्याच सुमारास मुलीनं मला हेन्‍री डेव्हिड थोरोबद्दल सांगितलं. हा अमेरिकन गृहस्थ १८४५ च्या जुलैत वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. झोपडी १० फूट बाय १५ फूट. मी लगेच गुणाकार केला. त्याचं अख्खं राहतं घर १५० चौरस फूट, माझ्या न लागणाऱ्या सामानाची खोली ८० चौरस फूट. त्याच्या निम्म्या घराहून जास्त जागेत मी फक्त विसरलेल्या वस्तू ठेवल्या होत्या. त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन तुकडे होते म्हणे. रोज त्यांच्यावरची धूळ झटकावी लागते हे लक्षात आल्यावर त्यानं ते खिडकीबाहेर फेकले. ही गोष्ट ऐकून ही एकदम ताठ बसली. "तीन तुकड्यांचाच त्याला कंटाळा आला?" ती म्हणाली. "माझ्या शोकेसमध्ये चाळीस होत्या." चाळीस नगांची धूळ गेली तीसएक वर्षं ती झटकत होती आणि मी स्टोअरच्या मांडण्या स्वच्छ ठेवल्याबद्दल शाबासकी घेत होतो. यावर मी काही बोललो नाही.

खोली रिकामी करायला चार दिवस लागले.

पहिल्याच दिवशी खोका १९. माझे चालायचे बूट, चांगले, जाड तळाचे, फार तर दहा वेळा घातलेले. चांगले म्हणून जपून ठेवलेले. खोक्यातून उचलले तर वरचा भाग हातात आला आणि तळ आतच राहिला. तळाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. ओल्या भुशासारखा चुरा. हातावर राखाडी चिकट भुगा राहिला, तो पाण्यानं निघेना. बुटांचे हे हलके, मऊ तळ बऱ्याचदा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे असतात. हवेतली वाफ त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते. बूट पायात असोत की खोक्यात, ते काम चालूच राहतं. रबर आणि तेलाचे सील मुदतीत वापरायचे, हे मी कारखान्यात पोरांना ओरडून सांगायचो. घरी मात्र चांगली वस्तू म्हणजे न वापरलेली वस्तू, असाच माझा समज.

मग एकेक. टॉर्च, आत सेल तसेच राहिलेले. सेल फुटून त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलेलं, स्प्रिंग खाऊन टाकलेली, वर पांढरी खरखरीत साय. फ्रिजचं दार उघडलं आणि आम्ही दोघंही दोन पावलं मागं सरलो, रबरी पट्टीवर काळी बुरशी ओळीनं. पुस्तकांच्या दोन खोक्यांत कसर, तिनं बांधणीतली खळ खाल्ली होती, मजकुराला फारसा हात लावला नव्हता. आणि खोका २७: सगळ्या उपकरणांच्या पावत्या आणि हमीपत्रं, प्रत्येक प्लास्टिकच्या खिशात, तारखेनुसार. हा माझा अभिमान. उघडली तर पावत्या कोऱ्या. तसल्या चकचकीत कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं काळी पडणारी थर असते, ती काळानं फिकी होते आणि प्लास्टिकच्या खिशात तर लवकर. एकवीस कोरे कागद मी क्रमवार लावून ठेवले होते. ही हसली आणि मग मीही हसलो, कारण त्यातली अर्धी उपकरणंही आता नव्हती.

माझ्या लाजेचा खोका वेगळा. खरं तर चार खोके, ३८ ते ४१ मधला शेवटचा सोडून आणि ५६. त्यांवर माझ्याच अक्षरात एकच शब्द: "किरकोळ". कारखान्यात हाताखालच्या पोरानं कार्डावर किरकोळ लिहिलं असतं तर मी त्याला पुन्हा मोजायला बसवलं असतं. आत काय होतं? कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या चाव्या. चार्जर, ज्यांचे फोन कधीच गेले. एका कपाटाचे उरलेले स्क्रू, कपाट विकलेलं. तुटक्या चष्म्याच्या तीन काड्या. अर्ध्या वापरलेल्या मेणबत्त्या. या वस्तू मी एकेक हातात घेत होतो आणि प्रत्येकीपाशी थांबत होतो. ही मात्र नुसतं विचारायची, "ही आज दुकानात दिसली तर घ्याल का?" नाही. "मग?" पण आहे ना आपल्याकडे. "ते मी विचारलं नाही."

तिला ठाऊक नव्हतं, पण तिचा प्रश्न शास्त्राला धरून होता. मुलीनं संध्याकाळी फोनवर सांगितलं. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघा संशोधकांनी १९९० मध्ये काही प्रयोग छापले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग दिला, निम्म्यांना दिला नाही. नंतर विचारलं, ज्यांच्याकडे आहे ते कितीला विकाल, ज्यांच्याकडे नाही ते कितीला घ्याल? तोच एक मग, साधा, पाच मिनिटांपूर्वी हातात आलेला. तरी ज्यांच्याकडे होता त्यांची किंमत दुसऱ्यांच्या साधारण दुप्पट. वस्तू आपली झाली की तेवढ्यानंच तिचा भाव वाढतो. मी म्हटलं, पाच मिनिटांत दुप्पट, तर तीस वर्षांत किती? मुलगी म्हणाली, "बाबा, भाडं भरत होतात त्यावरून काढा."

आमची भांडणंही झाली, ती लपवत नाही. माझा व्हर्नियर कॅलिपर ती टाकायला निघाली. निवृत्त माणूस आता काय मोजणार, हा तिचा मुद्दा. बरोबर आहे. तरी तो मी घरी आणला, पुसला, तेलाचा हात दिला. अजून एकदाही काही मोजलेलं नाही. उलट तिनं जेवणाचे मोठे संच ठेवावेत असं मला वाटत होतं, पाहुणे आले तर काय, म्हणून. तिनं एकवीस ताटं देऊन टाकली, सहा ठेवली. "सातवं माणूस आलं तर?" "तर मी मागाहून जेवीन, आणि तुम्ही ताट घासाल." तसं दोनदा झालं आहे. ताट मीच घासलं.

खोलीत उरलेले ६६ नग असे गेले: ३१ दिले, ११ विकले, १७ भंगारात, ७ घरी. त्या १७ पैकी निम्मे तरी खोलीत शिरले तेव्हा धडधाकट होते. एक वर्ष आधी दिले असते तर कुणाच्या तरी पायात, अंगावर, हातात असते. या सगळ्या व्यवहारात मला खरोखर टोचतं ते एवढंच. सायकल ज्याला दिली तो मुलगा रोज आमच्या दारावरून जातो, घंटी वाजवून. तेवढं बरं वाटतं.

दोन महिन्यांनंतरचं सांगतो, कारण परीक्षणात वस्तू वापरून पाहिल्यानंतरचंही यायला हवं.

घर झाडून पुसायला मला २५ मिनिटं लागतात. घड्याळ लावून पाहिलं. पूर्वी हिची अख्खी सकाळ त्यात जायची. सोफा नाही, म्हणून सोफ्याखालची धूळ नाही. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी मोकळी आहे. नातू आला होता, त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू सरकवला, तो कशालाही न अडकता पलीकडे गेला. त्याला ते इतकं आवडलं की तासभर दुसरं काही केलं नाही. मीही बसून बघत होतो. वीज गेली तर उठून अंधारात तिसऱ्या खणातला टॉर्च काढता येतो, कारण त्या खणात टॉर्चशिवाय काही नाही. सेल बाहेर काढून शेजारी ठेवतो. तेवढं शिकलो.

दुपारी मी दाराशी आरामखुर्चीत बसतो. ही खुर्ची जुन्या घरात वीस वर्षं होती आणि मी तीत फार तर वीस वेळा बसलो असेन, तिच्यावर कपड्यांचा ढीग असायचा. तिच्या उजव्या हाताचं लाकूड जरा खाली झिजलेलं आहे, माझ्या वडिलांचा कोपर तिथं टेकायचा. हे मला आत्ता कळलं, कारण आता माझा तिथं टेकतो. त्या अर्थानं सामान कमी झाल्यावर ही एक वस्तू मला नव्यानं मिळाली. बसतो, रस्ता बघतो. काही घ्यावंसं वाटत नाही असं नाही. वाटतं. परवाच एक सुंदर घडीचं कपाट पाहिलं. पण कपाट एकटं येत नाही. फ्रान्समध्ये दनी दिद्रो म्हणून विचारवंत होता, त्याला एक झकास लाल झगा मिळाला. त्या झग्यापुढे आधी खुर्ची जुनी दिसायला लागली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं, आणि एकेक बदलता बदलता तो त्या झग्याचा गुलाम झाला, असं त्यानं १७६९ मध्ये स्वतःच लिहून ठेवलं. आमच्या घरात तो झगा म्हणजे सोफा होता. सोफ्यामुळे टीपॉय आला, टीपॉयमुळे गालिचा, गालिच्यामुळे तो झाडायचं यंत्र.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटेल म्हातारा संन्यास घ्यायला सांगतोय. कमी ठेवणं आणि नसणं यांत फरक आहे. मला लागलं तर उद्या विकत आणता येतं, म्हणून मी निवांतपणे देऊन टाकू शकलो. ज्याला ती सोय नाही त्यानं तारेचा तुकडा जपून ठेवला तर तो शहाणपणा आहे, त्याला कुणी अडगळ म्हणू नये. आणि स्टोअरचा दुसराही एक नियम आहे: माल किती फिरतो एवढंच बघायचं नसतं, तो नसला तर काय अडेल तेही बघायचं. आमच्याकडे एकदा तळहाताएवढं बेअरिंग पडून आहे म्हणून यादीतून काढलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात त्याच्यावाचून यंत्र दोन पाळ्या उभं राहिलं. घरातही तसंच. प्रथमोपचाराची पेटी वर्षभर उघडली नाही म्हणून टाकायची नसते. मी शिडी दिली. ती चूक झाली. दिवा बदलायला दोन महिन्यांत तीनदा शेजाऱ्यांकडे शिडी मागितली, तिसऱ्यांदा त्यांनी "काका, तुमच्याकडेच ठेवा" असं म्हटलं, ते प्रेमानं की वैतागून, ते अजून ठरत नाही.

खोली सोडतानाचं राहिलं. एक महिन्याची आगाऊ सूचना लागते, ती दिली. अनामतीतून त्यांनी साफसफाईचे कापले. मी शटरच्या आतला झाडलेला कोपरा न कोपरा दाखवला, फोटो दाखवले, तरी कापले, कारण कलमात तसं आहे. मी ते कलम वाचलेलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. बाकीची रक्कम नऊ दिवसांत आली. निघताना त्या नम्र मुलानं विचारलं, "काका, छोटं लॉकर बघता का? मोठ्या कपाटाएवढंच. भाडं पाव." मी विचार करायला तोंड उघडलं होतं. मागून ही म्हणाली, "नको."

शटरला लावलेलं कुलूप आमचं होतं, तेवढं काढून आणलं. चांगलं, जड, पितळी आहे. आता त्याला दार नाही. दोन महिने खिडकीत पडून आहे. टाकवत नाही, कुणाला द्यावं ते सुचत नाही. शेवटी त्याचं एक कार्ड केलं आहे. आवक १, जावक कोरी.